नीस-मांतोंच्या बागा आणि डोंगरावरची गावं: चार दिवसांत काय बघावं, काय सोडावं

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन तुम्ही चार दिवस फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीसला असणार आहात. आईंना झाडांचं वेड आहे, गच्चीवर शंभरावर कुंड्या आहेत, पण डावा गुडघा त्रास देतो. बाबा अडुसष्टचे असूनही रोज पर्वती चढून येतात. तुमच्या यादीत एफ्रुस्सी आणि हॅन्बरी या बागा, शिवाय मोनॅको, एझ, साँ-पोल-द-व्हाँस, गुर्दों आणि ग्रास आहे. यातलं काय गाळावं आणि गाडी भाड्याने घ्यावी का, हे तुम्ही विचारलंय.

मी उद्यानविद्या दापोलीला शिकले, पुण्यात रोपवाटिका चालवते आणि गेली बारा वर्षं दरवर्षी आठ-दहा बागवेड्यांना घेऊन या किनाऱ्यावर जाते. बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात. त्यामुळे तुमची अडचण माझ्या चांगली ओळखीची आहे.

यादी लांब आहे हे खरं, पण खरी अडचण दुसरीच आहे. ही यादी नकाशावर बघून केलेली आहे. नकाशावर इथे सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं. नीसहून मांतोंला लोकल गाडीने जेमतेम पाऊण तास लागतो. मध्येच मोनॅको येतं आणि पुढे दहा-बारा मिनिटांत इटली. पण आल्प्स पर्वत इथे थेट समुद्रात उतरतो, आणि नकाशात उंची दिसत नाही. एझचं रेल्वे स्टेशन समुद्राकाठी आहे आणि एझ गाव त्याच्या डोक्यावर चारशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर. नकाशात दोघांमध्ये बोटभर अंतर.

पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली. सकाळी एफ्रुस्सी, दुपारी एझ, संध्याकाळी मोनॅको असा बेत आखला. एझच्या गल्ल्यांतून वरच्या बागेकडे जाताना गटातल्या एका काकूंचा गुडघा असा धरला की त्यांना धड वर जाता येईना, धड खाली उतरता येईना. दीड तास एका पायरीवर बसून होतो आम्ही. पुढचे दोन दिवस त्या खोलीबाहेर पडल्या नाहीत आणि ज्या हॅन्बरीसाठी त्या एवढ्या लांब आल्या होत्या, ती बाग राहून गेली. तेव्हापासून मी किलोमीटर मोजत नाही, पायऱ्या मोजते. दिवसाला एक बाग, जमलं तर एक गाव, आणि दोन्हींपैकी एकच चढाचं. तुमच्याही बेताचा हाच पाया असावा असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं असं उभं का आहे, तेही सांगते, कारण ते कळलं की बागा वेगळ्या दिसायला लागतात. जुन्या काळी समुद्रावरून चाचे यायचे, म्हणून माणसं कड्यांवर गावं बांधून राहिली. किनाऱ्याची सपाट पट्टी चिंचोळी, त्यामुळे शेती डोंगरउतारावरच करावी लागली. त्यासाठी उतार कापून पायऱ्या केल्या आणि प्रत्येक पायरीला चुना-मातीशिवाय नुसत्या दगडांची भिंत घातली. आपल्या कोकणातला गडगा डोळ्यांसमोर आणा, अगदी तसंच. प्रोव्हाँसमध्ये या बांधांना रेस्तांक म्हणतात, नीसच्या बाजूला त्या पायरीला प्लांश आणि इटलीत शिरलं की फाशे. बिनचुन्याची दगडी भिंत रचण्याची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, आणि त्यात फ्रान्स-इटली दोन्ही आहेत. या पायऱ्यांवर ऑलिव्ह आणि लिंबं पिकायची.

मग १८६० मध्ये नीस फ्रान्सकडे आलं, काही वर्षांत रेल्वे आली, आणि थंडी टाळायला उत्तरेकडचे श्रीमंत इथे उतरू लागले. मांतोंत तर बेनेट नावाच्या इंग्रज डॉक्टरमुळे क्षयरोगी येऊन राहायला लागले. या लोकांनी शेतकऱ्यांच्या त्याच पायऱ्या विकत घेतल्या आणि त्यांवर बागा केल्या. म्हणजे तुम्ही ज्या राजेशाही बागा बघायला चालला आहात, त्यांच्या पोटात गावकऱ्यांनी रचलेले गडगे आहेत. आईंना बागेत फुलांबरोबर या भिंतीही दाखवा. दगडांच्या फटींतून पाणी कसं झिरपू दिलंय, खालच्या पायरीवर झाडाच्या मुळाशी ओल कशी राहते, हे गच्चीवर कुंड्या सांभाळणाऱ्या बाईला लगेच कळेल.

मे महिना निवडलात ते छान केलंत. ही मंडळी हिवाळ्यात येऊन राहायची आणि उन्हाळ्यात घरांना कुलूप लावून परत जायची. त्यामुळे बागांची आखणीच ऑक्टोबर ते मे फुलण्यासाठी केलेली आहे. तिकडचा पाऊस शरदात आणि हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठाक जातो. जून संपता संपता झाडं झोपी जातात. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन आलेले लोक ‘बागा सुकलेल्या होत्या’ म्हणतात, त्याचं कारण हे. मेचा दुसरा आठवडा म्हणजे गुलाब भरात, हवा सुखाची आणि शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी अजून लांब.

आता एकेक ठिकाण.

व्हिला एफ्रुस्सी द रोथशिल्ड अजिबात सोडू नका. काप-फेरा हा समुद्रात घुसलेला सुळका आहे आणि हा गुलाबी वाडा त्याच्या कण्यावर उभा आहे, दोन्ही बाजूंना समुद्र. बेआत्रीस एफ्रुस्सी या रोथशिल्ड घराण्यातल्या बाईंनी १९०५ मध्ये जागा घेतली, सुरुंग लावून खडक सपाट केला, वर माती आणून भरली आणि १९१२ पर्यंत वाडा उभा केला. समोरच्या लांबट फ्रेंच बागेला त्या जहाजाची डेक म्हणायच्या आणि माळ्यांना खलाशांच्या टोप्या घालायला लावायच्या. १९३४ मध्ये त्या गेल्या. वाडा आणि संग्रह त्यांनी आधीच फ्रेंच कला अकादमीच्या नावे केला होता. एकूण नऊ बागा आहेत: फ्रेंच, स्पॅनिश, फ्लोरेन्सच्या धाटणीची, जपानी, निवडुंगांची, गुलाबांची वगैरे.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की मधली फ्रेंच बाग सपाट आहे. दर वीस मिनिटांनी संगीताच्या तालावर कारंजी सुरू होतात. आईंना तिथल्या बाकावर बसवा. पायऱ्या आहेत त्या बाजूच्या बागांना. जपानी आणि निवडुंगाच्या बागा खालच्या अंगाला आहेत, तिथे बाबा एकटे जाऊन येतील. गुलाबबाग टोकाला आहे. आईंना पायऱ्या चढायच्याच असतील तर त्या तिच्यासाठी राखून ठेवा. सकाळी दार उघडताना पोचा. दुपारी बसगाड्या भरभरून माणसं येतात.

तिथून परतताना बोल्यू-सुर-मेरपर्यंत समुद्राच्या कडेने जाणारी पायवाट आहे, मॉरिस रूव्हिए यांच्या नावाची. अख्खी वाट सपाट, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला बंगल्यांच्या भिंतींवरून ओघळणारी जाई-बोगनवेल. बोल्यूला रेल्वे स्टेशन आहे. जुन्या ग्रीक घरासारखा बांधलेला व्हिला केरिलोसही तिथेच आहे, वेळ उरला तर बघा.

त्याच दिवशी संध्याकाळी एझ. बोल्यूहून टॅक्सी करा, पाचच्या सुमाराला पोचा. सकाळी दहा ते चार या वेळेत एझला जाण्यात अर्थ नाही. व्हिलफ्रांशच्या खाडीत मोठी पर्यटक जहाजं नांगर टाकतात आणि त्यांतली माणसं याच गावात चढतात. पाचनंतर गल्ल्या मोकळ्या होतात, ऊन तिरपं होतं आणि घरांचे दगड मधाच्या रंगाचे दिसतात. गावाची वेस ओलांडली की नुसत्या पाखाड्या. तिकडे या दगडी, पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेला कालाद म्हणतात. पण पाखाडी म्हटलं की मला ती पायांना ओळखीची वाटते.

वर किल्ल्याचे अवशेष आहेत. चौदाव्या लुईच्या हुकमाने १७०६ मध्ये तटबंदी पाडली गेली. त्याच पडक्या जागेवर युद्धानंतर, १९४९ मध्ये, निवडुंग आणि कोरफडीच्या जातकुळीतल्या झाडांची बाग केली. झाडं वर वाहून न्यायला गाढवं आणि माणसांचे खांदे, दुसरा मार्गच नव्हता. बाबांनी वर जावंच. आईंनी वेशीच्या आत पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत यावं आणि खालच्या चौकात कॉफी घेत बसावं. हे कठोर वाटेल, पण त्या काकूंचा चेहरा मी विसरलेले नाही.

स्टेशनपासून एझ गावापर्यंत जाणारी एक पायवाट जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाने ओळखली जाते. तो १८८३ नंतरचे हिवाळे नीसला काढायचा आणि ही वाट चढायचा. बाबांचे डोळे तिच्याकडे वळणारच. पर्वती चढणाऱ्याला ती जड नाही, पण सकाळी, उन्हाआधी, आणि फक्त चढताना. उतरताना सुटे दगड पायाखालून सरकतात.

दुसऱ्या दिवसापासून माझं मन मांतोंत असतं. तुमचं हॉटेल अजून पक्कं झालं नसेल तर नीसऐवजी मांतोंला उतरा, असं मी सुचवेन. नीसमध्ये विमानतळ आहे, बाजार आहे, संध्याकाळी रौनक आहे, हे मान्य. पण तुमच्या यादीतल्या बागांचा भार पूर्वेकडे आहे, आणि रोजचा दीड तास प्रवास वाचला तर तो गुडघ्याच्या कामी येईल. तुम्हाला शहर हवं असेल तर नीस ठेवा, चालेल.

मांतोंच्या पाठीशी डोंगरांची भिंत आहे, उत्तरेचा गार वारा ती अडवते. म्हणून इथे लिंबं टिकली. १९५६ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या दक्षिणेला एवढी थंडी पडली की ऑलिव्हची लाखो झाडं गेली. असल्या हिवाळ्यांतही ज्या थोड्या कोपऱ्यांत उबारा राहतो, त्यांतला हा एक. मांतोंच्या लिंबाला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या कागदी लिंबापेक्षा ते बरंच मोठं असतं, साल जाड आणि सुगंधी. मे महिन्यातही बाजारात मिळतं. नखाने साल किंचित खरवडून वास घ्या.

इथली व्हाल रामे ही बाग मी तुमच्या आईंसाठी यादीत पहिली ठेवेन. ती तुमच्या यादीत नाही, कारण फोटोत ती फारशी भव्य दिसत नाही. फार मोठीही नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाची ही वनस्पतिबाग आहे. पायऱ्या आहेत, पण थोड्या, आणि मांतों-गारावान स्टेशनपासून चालत जाता येतं. तिथे तोरोमिरो नावाचं एक झाड आहे. दिसायला साधं, बारीक पानांचं, जवळून गेलात तरी लक्ष जाणार नाही. हे मूळचं ईस्टर बेटावरचं. तिथलं शेवटचं झाड विसाव्या शतकाच्या मध्यात गेलं, निसर्गात ही जात संपली. संशोधकांनी आधी गोळा केलेल्या बियांवरून जगभरच्या मोजक्या बागांत ती जिवंत आहे, त्यांतली ही एक. पहिल्यांदा मी त्या झाडापाशी गेले तेव्हा गटातले एक निवृत्त वनाधिकारी बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी एका पानाखाली हलकेच बोट धरलं आणि म्हणाले, “याला सांभाळणाऱ्या माळ्याला रात्री झोप कशी लागत असेल?” आईंना हे झाड नक्की दाखवा.

दुपारी मांतोंच्या जुन्या गावात, बाजारात, समुद्रावर वेळ काढा. त्या दिवशी दुसरं काही नको.

तिसऱ्या दिवसाची जोडी माझी सगळ्यात आवडती: सेर द ला मादोन आणि गोर्बिओ. बाग आणि गाव एकाच खोऱ्यात, एकाच रस्त्यावर आहेत. मांतोंहून गोर्बिओला जाणारी बस बागेजवळून जाते. लॉरेन्स जॉन्स्टन या माणसाने इंग्लंडमध्ये हिडकोट ही प्रख्यात बाग केली आणि १९२४ पासून इथे ही दुसरी, खास हिवाळ्यासाठी. झाडांच्या शोधात तो पार चीनमधल्या युन्नानपर्यंत जाऊन आला. १९५८ मध्ये इथेच त्याचा मृत्यू झाला. पुढे बाग हातोहाती गेली, रान माजलं, आणि १९९९ मध्ये किनारा-संवर्धनाच्या सरकारी संस्थेने ती घेतली.

इथे एफ्रुस्सीसारखा थाट नाही. जुन्या ऑलिव्हच्या पायऱ्या जशाच्या तशा ठेवून त्याने मधोमध जिना घातला आणि प्रत्येक पायरीवर बागेचं एकेक दालन केलं. घराजवळ दोन हौद आहेत. पाण्यात कमळं, कडेला पपायरसची जुडी, आणि मागच्या भिंतीच्या सावलीमुळे पाणी काळंशार दिसतं. त्या हौदाच्या कठड्यावर बसून मी गटाला सांगते, पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. बेडूक पुन्हा ओरडायला लागले की उठायचं. मधला जिना आईंना झेपेल, वरच्या पायऱ्या सोडून द्या. हौदापर्यंत पोचलं तरी अर्धी बाग पाहून होते.

मग गोर्बिओ. बस चौकातच सोडते. चौकात एक प्रचंड एल्म वृक्ष आहे, १७१३ मध्ये लावलेला. आपल्याकडे गावच्या पाराला जे स्थान, तेच त्याला. युरोपभर एल्म एका रोगाने मेले, म्हणून तीनशे वर्षांचा जिवंत एल्म बघणं ही साधी गोष्ट नाही. आई झाडाखाली बसतील, बाबा गावाच्या कमानीखालून फिरून येतील. दुकानं जवळजवळ नाहीत. दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत, दारात तुळशीच्या भावंडाची, म्हणजे बेसिलची, कुंडी आहे. इथे कॉर्पुस क्रिस्ती या सणाच्या रात्री गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत ऑलिव्ह तेल आणि वात घालून ते दिवे खिडक्यांत, भिंतींवर, वाटेच्या कडेला लावतात आणि मधून मिरवणूक जाते. तो सण मेअखेर ते जूनमध्ये येतो, त्यामुळे तुमच्या तारखांत बसणार नाही. पण गावात कुठे भिंतीत शंख बसवलेले दिसले तर ते कशासाठी हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

साँ-पोल-द-व्हाँस मी गोर्बिओसाठी गाळेन. ते सुंदर आहे, सोळाव्या शतकातली तटबंदी उत्तम टिकली आहे, चित्रकार शागालची कबर तिथे आहे आणि शेजारीच माएग प्रतिष्ठानचं कलासंग्रहालय आहे. चित्रकलेसाठी जात असाल तर जरूर जा. पण आत गल्लीच्या दोन्ही अंगांना चित्रांची आणि भेटवस्तूंची दुकानं आहेत. गावात माणसं कशी राहतात, हे तिथे कळत नाही. बाबांना उंचावरचंच गाव हवं असेल तर मांतोंच्या वरचं सांत-आन्येस बघा. साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, समुद्र थेट पायाखाली, आणि डोंगराच्या पोटात १९३० च्या दशकात खणलेला माजिनो रेषेचा, म्हणजे फ्रान्सच्या सीमेवरच्या संरक्षक तटबंदीचा, किल्ला. बस दिवसाला थोड्याच असतात, परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

चौथा दिवस हॅन्बरीचा, आणि इथे मला जरा थांबून सांगायचंय, कारण या बागेने सगळ्यात जास्त गुडघे दमवले आहेत.

थॉमस हॅन्बरी शांघायमध्ये चहा-रेशमाचा व्यापार करून श्रीमंत झाला. १८६७ मध्ये त्याने इटलीच्या हद्दीत, व्हेंतिमिल्याजवळ ला मोर्तोला या भूशिरावर जुना वाडा आणि जमीन घेतली. भाऊ डॅनियल औषधी वनस्पतींचा जाणकार. लुडविग व्हिंटर हा जर्मन माळी मदतीला. तिघांनी मिळून जगभरातली झाडं आणून इथली हवा त्यांना मानवते का ते पाहिलं. म्हणजे ही दिखाऊ बाग नव्हती, प्रयोगशाळा होती. आज ती सरकारची आहे आणि जिनोव्हा विद्यापीठ ती सांभाळतं. अठरा हेक्टर, आणि सगळी एका उतारावर.

तिकीटखिडकी वर, रस्त्यालगत आहे. तुम्ही आत शिरता आणि उतरायला लागता. वाडा येतो, मग वेलींचा मांडव, लिंबूवर्गीय झाडं, ऑस्ट्रेलियातली झाडं, आणि अगदी खाली जुना रोमन रस्ता व समुद्र. उतरताना सगळ्यांना फार सोपं वाटतं. मग तोच शंभरेक मीटरचा चढ दुपारच्या उन्हात परत चढायचा असतो, कारण बाहेर पडायचं दारही वरच आहे. म्हणून आईंची हद्द वाड्यापर्यंत. तिथल्या गच्चीवरून समुद्रापर्यंतचा अख्खा उतार दिसतो. अगाव्ह, कोरफडी, सायकस यांचा चांगला भाग वरच्या अर्ध्यातच आहे. बाबांना खाली पाठवा, दीड तासाची मुदत देऊन. जाण्यापूर्वी बागेशी ईमेलवर बोलून चालायला त्रास असणाऱ्यांसाठी काय सोय आहे ते विचारा. अशा सोयी दर वर्षी बदलतात.

व्हेंतिमिल्याहून बागेपर्यंत बस आहे, पण विरळ. जाताना बस, येताना टॅक्सी असं करा. आणि सीमा ओलांडताना पासपोर्ट सोबत हवाच. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, तरी इटलीहून परतताना मांतों-गारावानला पोलीस बऱ्याचदा डब्यात चढतात आणि कागद बघतात. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून आलेल्या एका जोडप्यापायी आमची एक संध्याकाळ प्लॅटफॉर्मवर गेली आहे.

हॅन्बरीचा चढ नकोच वाटला तर चौथ्या दिवसासाठी दुसरा पर्याय आहे, आणि तो तुमच्या तारखांना नेमका जुळतो. ग्रासजवळ मुआन-सारतू इथे अत्तर संग्रहालयाच्या बागा आहेत, सुगंधी झाडांच्या. ग्रासचा सें-फुई, म्हणजे शंभर पाकळ्यांचा, गुलाब मे महिन्यातच फुलतो आणि पहाटे तोडला जातो. जागा बरीचशी सपाट आहे आणि कान शहराहून ग्रासला जाणारी लोकल तिथे थांबते. ग्रासच्या अत्तरातली जास्मिन म्हणजे आपली चमेलीच, पण ती ऑगस्टपासून. आईंना सुगंधाचं वेड असेल तर मी हॅन्बरी सोडून इकडे येईन. झाडांच्या जातींचं वेड असेल तर हॅन्बरी. हे मला इथे बसून ठरवता येणार नाही, त्यांनाच विचारा.

म्हणजे गळलं काय, तर मोनॅको, साँ-पोल आणि गुर्दों. गुर्दोंपर्यंत जाण्या-येण्यातच दिवस संपतो. आलं काय, तर व्हाल रामे, सेर द ला मादोन आणि गोर्बिओ.

गाडीबद्दल: घेऊ नका. उजवीकडून चालवायचं, त्यात वळणांचे घाटरस्ते, आणि गावांबाहेर गाडी लावायला जागा नाही. मिळाली तर ती इतकी खाली की आईंना तिथून चढावं लागेल, म्हणजे गाडीचा हेतूच फसला. लोकल गाडी किनाऱ्याने जाते आणि खिडकीतून समुद्र दिसतो. नीसहून मांतोंकडे जाताना उजवीकडची खिडकी धरा. चढाच्या टप्प्याला टॅक्सी. चार दिवसांत चार-पाच टॅक्सी झाल्या तरी भाड्याची गाडी, पेट्रोल आणि पार्किंग यांच्या तुलनेत फार फरक पडत नाही, असा माझा अनुभव आहे. बागांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी असतात. माझा क्रम तुमच्या तारखांना जुळतो का, ते प्रत्येक बागेच्या संकेतस्थळावर आठवडाभर आधी पाहून दिवस आलटून-पालटून घ्या.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण शाकाहारी आहात म्हणून सांगते. नीसचा सोक्का म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं. पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, एवढंच. मोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड घालतात. इटलीत त्यालाच फारिनाता म्हणतात. गरम असतानाच खा. पिस्सालादिएर ही पिझ्झासारखी भाजलेली पोळी दिसायला निव्वळ कांद्याची वाटते, पण तिच्यात बारीक मासे असतात. पां बान्यात या भरलेल्या पावातही मासे आणि अंडं असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या हळहळतील. नीसच्या आणि मांतोंच्या जुन्या फोटोंत रस्त्याच्या दुतर्फा कॅनरी बेटांवरच्या जाड बुंध्याच्या खजुरीसारख्या पामच्या रांगा दिसतात. त्यांतली बरीच झाडं आता नाहीत. कुठे नुसता ठोकळा उरलाय, कुठे रिकामी आळी. हे काम आपल्या ओळखीच्या किडीचं आहे: सोंड्या भुंगा. कोकणात नारळाच्या बुंध्यातून भुसा आणि लालसर चीक बाहेर येताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. ही कीड मूळची आपल्या बाजूची, दक्षिण आशियातली. विकायला नेलेल्या पामच्या झाडांतून ती भूमध्य समुद्राकाठी पोचली, आणि फ्रान्समध्ये २००६ मध्ये पहिल्यांदा सापडली. तिकडचा पाम तिच्यापुढे उभाच राहू शकला नाही. शेंडा छत्रीसारखा वाकलेला दिसला की समजा, आतून गाभा संपलाय. दापोलीला असताना आम्ही बुंध्याला कान लावून आतल्या अळ्यांचा कुरकुर आवाज ऐकायचो. मांतोंत समुद्राकाठच्या एका झाडाला मी सहज कान लावला, आणि तोच आवाज ऐकला.

त्यावरून तुमच्या शेवटच्या ओळीतल्या प्रश्नाचं उत्तर. आईंना फांद्यांचे तुकडे किंवा बिया आणायच्या आहेत, तर आणू देऊ नका. बागांत तोडायला मनाई आहेच. शिवाय आपल्याकडे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचा आरोग्य दाखला नसताना झाडं-बिया आणणं बेकायदा आहे, आणि तसं का असावं ते त्या पामच्या ठोकळ्यांकडे बघून कळतं. त्याऐवजी त्यांच्या हाती एक वही द्या. आवडलेल्या प्रत्येक झाडाच्या पाटीचा फोटो, आणि वहीत तीन गोष्टी: ऊन किती, जमीन कशी, शेजारी काय लावलंय. निळा चित्रक, अगापँथस, सायकस, अगाव्ह, बोगनवेलीचे कितीतरी रंग पुण्यातल्या रोपवाटिकांत मिळतात. लॅव्हेंडर मात्र आपल्या पावसाळ्यात कुजतं, त्याचा नाद नको. परत आल्यावर ती यादी इथेच टाका, कुठलं झाड गच्चीवरच्या कुंडीत जगेल ते एकेक करून सांगेन.